मालिशचे प्रकार : हाताची विद्या, तिचा उपयोग आणि तिचा मान

बँकॉकमधील वाट फो हे विहार पहुडलेल्या बुद्धाच्या ४६ मीटर लांबीच्या मूर्तीसाठी जगभर प्रसिद्ध आहे. बहुतेक पर्यटक ती मूर्ती पाहून परततात. त्याच आवारातील एका मंडपात मात्र मानवी शरीराच्या आकृत्या कोरलेले ६० दगडी फलक आहेत. निम्म्या आकृत्या समोरून, निम्म्या पाठीकडून काढलेल्या आहेत. शरीरात कोणती रेषा कुठून कुठे जाते आणि कोणत्या दुखण्यासाठी कुठे दाबायचे, हे त्यांवर नोंदवलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा तिसरा राम याने विहाराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा वैद्यक, औषधी आणि मालिश यांचे ज्ञान दगडावर कोरून सर्वांसाठी खुले ठेवले. २०११ साली वाट फोमधील शिलालेखांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाला.

आपल्याकडे मात्र मालिश म्हटले की एकतर श्रीमंतांची चैन, नाहीतर हलके काम, नाहीतर संशयाने पाहिले जाणारे स्पा सेंटर, एवढेच डोळ्यांसमोर येते. म्हणून मालिशचे प्रकार कोणते, त्यातून काय होते आणि काय होत नाही, हे समजून घेऊ. त्याचबरोबर या कामाला काही समाजांत मान मिळाला आणि आपल्याकडे का मिळाला नाही, हेही पाहू.

बौद्ध साहित्यातील मालिश

थायलंडमधील मालिशचे शिक्षक वर्ग सुरू करण्यापूर्वी जीवकाला वंदन करतात. जीवक कोमारभच्च हा मगधाचा राजवैद्य आणि तथागतांचा उपासक. विनयपिटकातील महावग्गात त्याची कथा येते. राजगृहातील सालवती या गणिकेने जन्मतःच त्याला उकिरड्यावर टाकून दिले. राजपुत्र अभयाने विचारले तेव्हा लोक म्हणाले की मूल जिवंत आहे, म्हणून त्याचे नाव जीवक पडले. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर गुरूने त्याला औषध नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले. तो रिकाम्या हाताने परतला आणि म्हणाला, अशी एकही सापडली नाही. त्यावर त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे गुरूने मान्य केले.

थाई परंपरा जीवकाला मालिशचा आद्यगुरू मानते. महावग्गात मात्र त्याच्या शस्त्रक्रिया, लेप आणि औषधे यांची वर्णने आहेत, मालिशची पद्धत सांगितलेली नाही. तथागतांना रेचक देण्याआधी त्याने आनंदाला काही दिवस त्यांच्या शरीराचे स्नेहन करायला सांगितले, एवढा उल्लेख आहे. त्यामुळे जीवकाचे गुरुपद ही थाई लोकांची कृतज्ञता आहे, ऐतिहासिक नोंद नाही, हे लक्षात ठेवावे.

मालिशचा अधिक जवळचा प्रसंग संयुत्त निकायातील जरा सुत्तात आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात वृद्ध तथागत सायंकाळी पाठीवर ऊन घेत बसले आहेत. आनंद त्यांच्या अंगावरून हात फिरवत असताना म्हणतो की आता त्वचा पूर्वीसारखी उजळ राहिली नाही, अंगाला सुरकुत्या पडल्या आहेत आणि शरीर पुढे वाकले आहे. तथागत त्याला म्हातारपणाचा स्वभाव समजावून सांगतात. दुसरीकडे दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात अंग चोळून घेणे आणि चेपून घेणे यांची गणना शोभेच्या आणि चैनीच्या गोष्टींत केली आहे, ज्यांपासून तथागत दूर राहत. थकलेल्या किंवा आजारी शरीराची शुश्रूषा आणि केवळ चैन यांतला फरक या दोन सुत्तांतून कळतो.

संस्कृत नाटकातही याचा एक सुंदर दाखला आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’मध्ये संवाहक नावाचे पात्र आहे. संवाहक म्हणजे अंग चेपून देणारा. तो वसंतसेनेला सांगतो की ही विद्या आपण कला म्हणून शिकलो, पण आता ती पोट भरण्याचे साधन झाली. जुगारात कर्जबाजारी झालेल्या या माणसाला वसंतसेना सोडवते आणि तो बौद्ध भिक्खू होतो. पुढे तोच तिचा जीव वाचवतो. भिक्खू असल्यामुळे तो तिला हात धरून उठवत नाही, जवळची वेल वाकवून तिच्या हाती देतो. नाटकाच्या शेवटी तो राज्यातील सर्व विहारांचा प्रमुख होतो.

मालिशने शरीरात काय होते?

कातडी, स्नायू आणि स्नायूंवरचे पातळ आवरण यांवर दाब, ताण किंवा घर्षण देणे म्हणजे मालिश. त्यामुळे ताठरलेला स्नायू सैल होतो, तेवढ्या भागात ऊब येते, मज्जासंस्था शांत होते आणि दुखण्याची जाणीव काही काळ कमी होते. कंबरदुखी, मानदुखी आणि तणाव यांत थोड्या काळासाठी आराम मिळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हा आराम बहुधा काही दिवसांचाच असतो. व्यायाम, बसण्याची योग्य पद्धत आणि पुरेशी झोप यांशिवाय तो टिकत नाही.

मालिशने शरीरातील विष बाहेर पडते, चरबी वितळते, मधुमेह बरा होतो किंवा सरकलेली चकती जागेवर बसते, असे दावे ऐकू येतात. त्यांना आधार नाही. ‘एहिपस्सिको’, म्हणजे या आणि स्वतः पाहा, हे सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांनी शरीराच्या बाबतीतही पारखूनच विश्वास ठेवावा.

प्रमुख प्रकार

*थाई मसाज (नुआद थाई).* जमिनीवर गादी टाकून, अंगात सैल कपडे ठेवून आणि तेल न लावता हा मसाज करतात. अंगठे, तळवे, कोपर, गुडघे आणि पाय यांनी दाब दिला जातो आणि मधूनमधून हात-पाय ताणले जातात. त्यामुळे अनेकजण त्याला दुसऱ्याने करवून घेतलेली योगासने म्हणतात. यात शरीरातील दहा मुख्य ‘सेन’ म्हणजे रेषा मानल्या जातात. या रेषा शरीरशास्त्रात सापडत नाहीत, पण स्नायूंवर क्रमाने दाब देण्याचा नकाशा म्हणून त्या उपयोगी पडतात. राजदरबारी पद्धतीत फक्त हात आणि अंगठे वापरले जातात, लोकपद्धतीत कोपर, गुडघे आणि पायही. औषधी वनस्पतींच्या गरम पुरचुंडीने शेक देण्याचीही प्रथा आहे. वाट फोमध्ये १९५५ पासून या विद्येची शाळा चालते. डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने नुआद थाईला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. चियांग माईच्या महिला कारागृहाने कैदी महिलांना ही विद्या शिकवून मसाज केंद्र चालवले आहे. बाहेर पडल्यावर हातात एक हुन्नर असावा, हा त्यामागचा हेतू.

*अभ्यंग आणि केरळी पद्धती.* आयुर्वेदातील अभ्यंग म्हणजे कोमट तेल, बहुधा तिळाचे, अंगाला लावून लांब हातांनी चोळणे. दिवाळीच्या पहाटेचे तेल-उटणे हे त्याचेच घरगुती रूप. केरळमध्ये कळरीपयट्टू या युद्धकलेच्या आखाड्यांत शिष्यांचे शरीर लवचिक करण्यासाठी मालिशची स्वतंत्र परंपरा वाढली. ‘चवट्टी तिरुमल’ या प्रकारात गुरू वर बांधलेल्या दोराला धरून तोल सांभाळतो आणि पायाने मालिश करतो. वजन नेमके किती टाकायचे, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने कळते. ते घरी करून पाहू नये.

*चंपी.* डोके, मान आणि खांदे यांची मालिश. मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या वाजवत फिरणारा मालिशवाला अनेकांनी पाहिला आहे. ‘प्यासा’ (१९५७) चित्रपटात जॉनी वॉकर यांनी तो अजरामर केला. इंग्रजीतील ‘शाम्पू’ हा शब्द हिंदीतील चांपणे, म्हणजे दाबणे, या क्रियापदावरून गेला. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन मोहम्मद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि मालिशचे स्नानगृह काढले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांचे ते अधिकृत ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. त्यांच्या देशात जे काम खालचे मानले जात होते, त्याच कामाने त्यांना परक्या राजदरबारात पद मिळवून दिले.

*बाळ-बाळंतिणीची मालिश.* आपल्या घराघरांत टिकलेली ही सर्वांत जुनी पद्धत. पायांवर बाळाला घेऊन तेल चोळणारी बाई किंवा आजी आपण सर्वांनी पाहिली आहे. फ्रेंच डॉक्टर फ्रेडरिक लबोये यांनी कोलकात्यात एका आईला असे करताना पाहिले आणि १९७६ मध्ये ‘शांतला’ हे पुस्तक काढले. त्यानंतर युरोपात बाळाची मालिश शिकवली जाऊ लागली. अमेरिकेत टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वेळेआधी जन्मलेल्या ज्या बाळांना दिवसातून तीनदा १५ मिनिटे मालिश आणि हातापायांची हालचाल दिली, त्यांचे वजन इतर बाळांपेक्षा दररोज ४७ टक्के जास्त वाढले. काही गोष्टी मात्र टाळाव्यात. बाळाच्या नाकात-कानात तेल घालू नये, टाळूवर दाब देऊ नये, पाय धरून उलटे लटकवू नये. मोहरीच्या तेलाने नाजूक त्वचेला इजा होऊ शकते. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पोटावर मालिश नको.

*स्वीडिश मसाज.* आज स्पामध्ये सर्वाधिक चालणारा प्रकार. त्याचे श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिले जाते, पण लांब हात फिरवणे, मळणे, घासणे आणि थापटणे अशी हातांची वर्गवारी डच वैद्य योहान मेत्झगर यांनी रूढ केली. तेल लावून, मेजावर झोपवून, हलक्या ते मध्यम दाबाने हा मसाज करतात.

*डीप टिश्यू आणि खेळाडूंचा मसाज.* खोलवरच्या स्नायूंवर हळू पण जोरदार दाब. कबड्डी, कुस्ती, धावणे अशा खेळांत सामन्याआधी हलका आणि नंतर स्नायू सैल करणारा मसाज देतात. दुखले पाहिजे तरच उपयोग, हा समज चुकीचा आहे. सहन न होणारी वेदना झाली तर थांबवायला सांगावे.

*अन्मा आणि शियात्सू.* अन्मा ही जपानची जुनी पद्धत. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या दृष्टिहीन वैद्याने अंध व्यक्तींसाठी ॲक्युपंक्चर आणि मालिशच्या शाळा सुरू केल्या. तेव्हापासून जपानमध्ये हा व्यवसाय दृष्टिहीनांच्या स्वावलंबनाचा मोठा आधार बनला. शियात्सू म्हणजे बोटांचा दाब. विसाव्या शतकात तोकुजिरो नामिकोशी यांनी त्याला आधुनिक रूप दिले. आज जपानमध्ये या व्यवसायासाठी किमान ३ वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आवश्यक आहे. दक्षिण कोरियात तर मालिशचा परवाना फक्त दृष्टिहीन व्यक्तींनाच मिळतो. तेथील घटनात्मक न्यायालयाने २००६ मध्ये हा नियम रद्द ठरवला होता. अंध कामगारांच्या आंदोलनानंतर संसदेने नवा कायदा केला आणि २००८ मध्ये न्यायालयाने तो कायम ठेवला.

*तुई ना.* चिनी वैद्यकातील ढकलणे, पकडणे आणि मळणे यांवर आधारित पद्धत. चीनमध्ये ती पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांत दिली जाते.

*रिफ्लेक्सॉलॉजी.* तळपायाच्या ठरावीक बिंदूंचा संबंध यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांशी आहे, असे ही पद्धत मानते. ती विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झाली. पाय चेपून घेतल्याने बरे वाटते यात शंका नाही, पण त्याने आजाराचे निदान किंवा उपचार होतो याला विश्वासार्ह पुरावा नाही.

*लसिका निचरा.* डेन्मार्कच्या एमिल वोडर यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेली अतिशय हलक्या हाताची पद्धत. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी सूज कमी करण्यासाठी प्रशिक्षित थेरपिस्ट ती पट्टी आणि व्यायाम यांच्या जोडीने वापरतात. विदर्भात हत्तीपायाचे रुग्ण आहेत. त्यांच्या सुजलेल्या पायाला जोराने मालिश करणे घातक ठरू शकते. पाय रोज साबणाने धुणे, कोरडा ठेवणे, उंचावर ठेवणे आणि सरकारी दवाखान्यातून औषध घेणे हाच योग्य मार्ग.

मालिश कधी करू नये?

- एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागते आणि दुखते. रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.
- छातीत दुखते, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, घाम येतो. तेल शोधत बसू नका, रुग्णालयात जा.
- कंबरेपासून पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणे. तातडीने डॉक्टर.
- ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, ताजी मोच किंवा हाड मोडल्याची शंका.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडे, कर्करोग, गरोदरपण. आधी डॉक्टरांना विचारा.
- मान झटक्याने मोडून घेणे. सलूनमध्ये हे सर्रास चालते, पण मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो.

हाडवैद्याने मोडलेले हाड चोळून बसवल्यामुळे हात कायमचा वाकडा झालेली माणसे आपल्या वस्त्यांत आहेत. पैसे वाचवण्यासाठी केलेला उपाय शेवटी महाग पडतो.

स्पर्श आणि जात

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. थायलंड आणि जपानमध्ये या विद्येला शाळा, परीक्षा आणि मान मिळाला. आपल्याकडे तीच विद्या असूनही तसे झाले नाही, कारण इथे स्पर्शाचे काम जातीला बांधले गेले. अनेक गावांत सुईणीचे काम दलित जातींतील बायका करीत. बाळाची नाळ त्याच कापत, बाळंतिणीचे अंग त्याच चोळत, सुवेर त्याच काढत. पण काम संपल्यावर त्याच हातांचा विटाळ मानला जाई आणि पाण्याच्या माठाला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. बाळाच्या अंगावरून फिरणारा हात चालत होता, कारण ते काम दुसरे कोणी करायला तयार नव्हते.

न्हावी चंपी-मालिश करीत, पण अस्पृश्यांना हात लावत नसत. साताऱ्यात न्हाव्यांची वाण नसतानाही आपले केस मोठी बहीणच कापायची, हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिले आहे. पैसे देण्याची ऐपत होती, नाकारला जात होता तो स्पर्श.

म्हणूनच हाताच्या विद्येचा मान हा आपल्यासाठी केवळ आरोग्याचा विषय नाही. तथागतांच्या वृद्ध अंगावरून आनंदाने हात फिरवला, अतिसाराने लोळणाऱ्या आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः धुतले. या परंपरेत शुश्रूषा करणारा हात खालचा ठरत नाही. ज्या आजीने गावातल्या शंभर बाळांना न्हाऊ-माखू घातले, तिला कधी कोणी वैद्य म्हटले नाही, प्रमाणपत्र दिले नाही. तिच्याकडे बसून तिची पद्धत लिहून ठेवणे, त्यातले चांगले आणि घातक वेगळे करणे, हे आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी करण्यासारखे काम आहे.

या क्षेत्रात काम करायचे असेल तर

फिजिओथेरपी आणि मालिश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिजिओथेरपीसाठी पदवी लागते आणि २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याखाली तो नियंत्रित व्यवसाय आहे. बारावी विज्ञान झालेल्यांनी आधी या पदवीचा विचार करावा. शिष्यवृत्तीची माहिती समाजकल्याण कार्यालयात मिळते. स्पा थेरपिस्टसाठी ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे कौशल्य अभ्यासक्रम आहेत. खासगी संस्थेत फी भरण्यापूर्वी प्रमाणपत्र कोणाचे मिळणार, शरीरशास्त्र शिकवतात का आणि प्रत्यक्ष सराव किती तासांचा आहे, हे विचारा.

काम स्वीकारताना लेखी नेमणूकपत्र घ्या. पगार, कामाचे तास आणि कोणत्या प्रकारचा मसाज द्यायचा, हे त्यात स्पष्ट असावे. मूळ कागदपत्रे मालकाकडे ठेवू नका. ग्राहकाने गैरवर्तन केले तर काम थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. महिलांना कामाच्या ठिकाणी लैंगिक छळविरोधी कायदा, २०१३ लागू होतो. आस्थापनेत १० पेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती कार्यकर्त्यांनी वस्त्यांतील स्पा आणि ब्यूटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींपर्यंत पोहोचवावी. त्यांच्याकडे संशयाने पाहणाऱ्यांत आपण नसावे.

ग्राहक म्हणून आपलीही जबाबदारी आहे. आधी आपले आजार सांगावेत, नको त्या जागी हात लावू नये असे वाटत असेल तर तसे स्पष्ट बोलावे, आणि काम झाल्यावर ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. घरी येणाऱ्या मालिशवाल्या मावशींना चहा द्यायचा तर आपण पितो त्याच कपात द्यावा. एवढे आपल्या घरातून सुरू झाले, तरी ‘विटाळ’ या शब्दाला एक घर कमी होईल.